चादरीवर हळद, गादीत ओल: पाहुण्यांकडून काय मागायचे आणि काय धुऊन टाकायचे?

किल्लीवाली_कोथरूड (धागाकर्ती)

दोन-चार दिवसांसाठी फ्लॅट देणाऱ्या पुण्यातल्या मंडळींसाठी हा धागा. लग्नसराईत कर्वे रोड, सिंहगड रोडच्या कार्यालयांजवळच्या फ्लॅटमध्ये हळद आणि मेंदी, गणपतीत गुलाल, वर्षभर खोबरेल तेल आणि चहा. चादरी, अभ्रे, दुलया, गाद्या यांचे काय करायचे याची माहिती एका जागी हवी आहे. कोणता डाग घरी निघतो, कोणता नाही? पैसे कशाचे मागावेत आणि किती? पुरावा काय ठेवायचा? आणि सकाळी 11 ला चेकआउट, दुपारी 2 ला पुढचा चेकइन असेल तर त्या तीन तासांत आधी काय करायचे?

कृपया "आमच्याकडे एकदा काय झालं" नको. कृती आणि प्रमाण लिहा.

धोबीघाट

तीन तासांचे आधी सांगतो, कारण बहुतेक नुकसान पाहुणा करत नाही, घाई करते.

चादर पलंगावरून ओढण्याआधी फोटो. मग चादर न चोळता, डाग आतल्या बाजूला येईल अशी घडी घालून बाजूला. लगेच खालचा प्रोटेक्टर (गादीवरचे वॉटरप्रूफ आवरण) आणि गादी बघायची, कारण चादर उद्या धुतली तरी चालते, गादीत उतरलेली ओल मात्र आत्ताच टिपावी लागते. डागाळलेला कपडा बाकीच्या गठ्ठ्यात टाकायचा नाही. लाँड्रीला द्यायचाच असेल तर वेगळ्या पिशवीत, डागाभोवती दोऱ्याची खूण करून, आणि "डाग गेल्याशिवाय इस्त्री नको, ड्रायर नको" असे स्पष्ट सांगून. उष्णतेने रक्त, दूध, अंडे यांतली प्रथिने धाग्यात गोठतात आणि तेल आणखी आत मुरते. इस्त्री फिरलेला डाग काढणे दहापट अवघड.

आता डागांकडे.

रक्त: फक्त थंड पाणी. मागच्या बाजूने नळाखाली धरा, म्हणजे डाग आला त्याच वाटेने बाहेर जातो. पांढऱ्या सुती कापडावर 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधाच्या दुकानातल्या बाटलीवर "20 व्हॉल्यूम" लिहिलेले असेल तर ते साधारण 6 टक्के असते. तेवढेच पाणी घालून अर्धे करा. ओता, फेस येईल, पाच-दहा मिनिटांनी टिपा, पुन्हा ओता. मग एन्झाइमवाल्या साबणाच्या चुऱ्यात अर्धा तास भिजवून नेहमीसारखे धुवा. रंगीत कापडावर आधी कोपऱ्यात चाचणी, पेरॉक्साइड रंग उडवते.

डोक्याचे तेल, बाम, काजळ, लिपस्टिक: पाणी लावायच्या आधी कोरड्या कापडावर भांडी घासायचे लिक्विड. एका अभ्र्याला एक छोटा चमचा पुरे. बोटांनी मुरवा, पंधरा मिनिटे ठेवा, मग कापडाला सोसेल तेवढ्या गरम पाण्यात धुवा. आधी पाण्यात बुडवले तर तेलावर साबण धड बसतच नाही.

चहा, कॉफी, वाइन: हे टॅनिनचे (त्यांतल्या तुरट तपकिरी द्रव्याचे) डाग. पाच लिटर 50 अंशांच्या आसपासच्या पाण्यात दोन मोठे चमचे सोडियम परकार्बोनेट (ऑक्सिजन ब्लीच म्हणून मिळते), चार ते सहा तास. थंड पाण्यात ते फार हळू चालते, आणि "काही उपयोग झाला नाही" म्हणणाऱ्या बहुतेकांचे पाणी थंड असते. द्रावण त्याच दिवशी संपवा, बाटलीत भरून झाकण लावू नका, आत वायू साठतो. रेशीम आणि लोकर यात कधीही नाही.

गुलाल: पाणी लावू नका. चादर गॅलरीत नेऊन कोरडीच झटका, मग व्हॅक्युमचे नुसते तोंड लावून ओढून घ्या, ब्रश नको. कोरडी पूड जितकी निघेल तितकी निघाल्यावरच भरपूर थंड पाणी, मग साबण, मग परकार्बोनेट. ओल्या हाताने पुसलेला गुलाल म्हणजे रंगवलेली चादर. रंगपंचमीच्या ओल्या रंगांचे तर विचारूच नका, त्या आठवड्यात पांढरे काही अंथरूच नये.

सातारारोडवाला

एवढं कशाला? हळद असो की काही असो, पांढरी चादर सरळ ब्लीचमध्ये टाकायची. दहा मिनिटांत काम फत्ते.

धोबीघाट

हळदीवर क्लोरीन ब्लीच चालते हे खरे. सगळ्यावर नाही. गंजाचा डाग ब्लीचने पक्का होतो. पॉलिएस्टर-कॉटनच्या चादरी आणि इलॅस्टिकच्या कडा पिवळट पडतात. सुती धागा दरवेळी थोडा कमजोर होतो आणि मग एक दिवस चादर मधोमध फाटते, पाहुण्याचा पाय लागून, आणि तुम्ही त्याला पैसे मागता.

आणि महत्त्वाचे: संडास साफ करायच्या अ‍ॅसिडबरोबर, व्हिनेगर किंवा लिंबाबरोबर ब्लीच कधीही नाही, विषारी क्लोरीन वायू निघतो. लघवीने भिजलेल्या कापडावरही नाही, त्यातल्या अमोनियाशी मिळून तसाच घातक वायू होतो. साफसफाईला येणाऱ्या मावशींना हे सांगणे आपले काम आहे. बंद बाथरूममध्ये वाकून धुणाऱ्या त्या असतात.

हळदीचा क्रम असा. आधी तेलासाठी भांड्यांचे लिक्विड, कारण हळदीचा रंग पाण्यापेक्षा तेलात जास्त विरघळतो. मग साबण. साबण लागताच डाग कुंकवासारखा लाल होईल. घाबरू नका, हळद अल्कलीत लाल होते, डाग वाढलेला नाही. खळखळून धुतल्यावर तो पुन्हा पिवळा दिसतो. मग ओली चादर कडक उन्हात. हळदीचा रंग उजेडात आपोआप विघटित होतो. एप्रिलच्या पुण्याच्या उन्हात एक-दोन दुपारी पुरतात, दर वेळी चादर ओली करून घाला. पावसाळ्यात ऊन नसेल तर गरम परकार्बोनेट रात्रभर. तरीही राहिला आणि चादर शंभर टक्के सुती, पांढरी असेल, तरच ब्लीच: एक लिटर थंड पाण्यात 10 मिली, दहा-पंधरा मिनिटे, मग तीन पाण्यांत धुणे.

म्हणजे काय, तर हळदीचे पैसे शक्यतो मागू नयेत, ती निघते.

किल्लीवाली_कोथरूड

आणि मेंदी?

धोबीघाट

मेंदी वेगळी. ओली असेल तर चोळायची नाही, पूर्ण वाळू द्या, बोथट सुरीने खरवडा, झटका. मग परकार्बोनेट. ताजी असेल तर फिकट बदामी छटेपर्यंत जाते. रात्रभर चादरीवर राहिलेली मेंदी बहुधा पूर्ण निघत नाही. इथे भरपाईचा विचार करायला हरकत नाही, पण आधी दोन धुणी देऊन.

तिरकस_पेठकर

फ्लॅटमध्ये एक पाटी लावा: "मेंदी हातावर शोभते. चादरीवर शोभत नाही. जुनी चादर कपाटाच्या खालच्या खणात आहे. विचारण्याची गरज नाही, वापरण्याची आहे." काम पाटीने नाही, त्या खालच्या खणातल्या चादरीने होईल. पण पाटीशिवाय ती सापडणार नाही.

सूत_आणि_वीण

पेठकरांचे बोलणे विनोदाचे असले तरी मुद्दा खरा आहे. पाहुण्याला डाग पाडायची जागा दिली की तो तिथेच पाडतो. प्रत्येक बाथरूममध्ये मेकअप पुसायला दोन गडद रंगाचे छोटे नॅपकिन, कपाटात एक जुनी गडद चादर, आणि खोलीत घडीचे टेबल, म्हणजे पोहे पलंगावर खाल्ले जात नाहीत.

खरेदीबद्दल. पांढरे, शंभर टक्के सुती, साध्या विणीचे, 200 ते 300 थ्रेड काउंट (एका चौरस इंचातले उभे-आडवे धागे). त्यापुढचे आकडे मिरवायला, धुलाईला नाहीत. रंगीत चादर डाग लपवते, पण गरम पाणी, ऊन, परकार्बोनेट हे सगळे तिच्यावर जपून वापरावे लागते. शिवाय मुरमांच्या क्रीममधले बेन्झॉइल पेरॉक्साइड रंगीत अभ्र्यावर नारिंगी-फिकट ठिपके पाडते. तो डाग नसतो, उडालेला रंग असतो, कितीही धुवा. पांढऱ्यावर तो दिसतच नाही.

गादीवरचे थर खालून वर असे: गादीला सहाही बाजूंनी झाकणारी, चेन असलेली खोळ, त्यावर इलॅस्टिकचा वॉटरप्रूफ प्रोटेक्टर, त्यावर चादर. प्रोटेक्टर घेताना पाठीमागचा थर बघा. पीव्हीसी असेल तर कुरकुरतो, घाम येतो, पाहुणा रात्री काढून कोपऱ्यात टाकतो. टीपीयूचा (लवचीक, मऊ प्लॅस्टिकचा) थर पातळ आणि शांत असतो. त्याला इस्त्री नाही, कडक ड्रायर नाही, ब्लीच नाही, नाहीतर थर कापडापासून सुटतो आणि वरून धड दिसणारा प्रोटेक्टर खाली गळतो. दर दोन-तीन महिन्यांनी बेसिनवर ताणून धरून मधोमध एक कप पाणी ओता, पाच मिनिटांनी खालून हात फिरवा. मापही तपासा: 72 x 78 आणि 72 x 75 यांत तीन इंचांचा फरक आहे, आणि आखूड प्रोटेक्टर नेमका पायथ्याशी निसटतो. उशांनाही चेनवाली आतली खोळ हवीच, तेलाचा मारा तिथे सर्वाधिक असतो.

एका पलंगामागे तीन संच: एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. जून ते सप्टेंबर चौथा. आणि प्रत्येक चादरीच्या पायथ्याच्या कोपऱ्यात न जाणाऱ्या शाईने संच क्रमांक आणि खरेदीचा महिना-वर्ष. लाँड्रीत अदलाबदल होत नाही, आणि वय सांगायला पुरावा तयार राहतो.

वाघोली_टॉवर_सी

एक शंका. आमच्याकडच्या सगळ्याच पांढऱ्या चादरींवर बारीक पिवळट-तपकिरी ठिपके येतात. पाहुण्यांनी काही सांडले असे वाटत नाही. परकार्बोनेट टाकू का?

धोबीघाट

थांबा, टाकू नका. हे बहुधा लोखंडाचे. बोअर किंवा टँकरचे पाणी, गंजलेली टाकी, वाळत घालायची तार, गॅलरीचा कठडा, इस्त्रीतून टपकणारे पाणी, यांपैकी काहीतरी. गंजावर पेरॉक्साइड किंवा परकार्बोनेट पडले की लोह त्याचे विघटन जोरात घडवते आणि ठिपक्याच्या जागी बारीक भोक पडते.

एक लिटर कोमट पाण्यात 5 ग्रॅम ऑक्झॅलिक अ‍ॅसिड, रबरी हातमोजे घालून, प्लॅस्टिकच्या बादलीत, अर्धा तास. ठिपके गेले तर लोखंडच होते. मग भरपूर पाण्यात तीनदा धुवा. बोहरी आळीत केमिकलच्या दुकानांत मिळते, पण विषारी आहे, पाहुण्यांच्या हाती लागेल अशा कपाटात ठेवू नका. भीती वाटत असेल तर सायट्रिक अ‍ॅसिड, लिटरला दोन मोठे चमचे, गरम पाण्यात. हळू चालते पण चालते.

सगळ्या चादरींवर सारखेच ठिपके असतील तर त्यात पाहुण्याचा काही दोष नाही. हे तपासल्याशिवाय कुणालाही बिल पाठवू नका.

बाणेर_बिछाना

भरपाईचे मी लिहितो.

एअरबीएनबीवर (फ्लॅट बुक करायच्या अ‍ॅपवर) मागणी रिझोल्यूशन सेंटरमधून (अ‍ॅपमधल्या पैसे मागायच्या सोयीतून), पाहुण्याच्या चेकआउटपासून 14 दिवसांच्या आत करायची. पाहुण्याला उत्तर द्यायला 24 तास मिळतात. त्याने नकार दिला किंवा उत्तरच दिले नाही, तर प्रकरण त्यांच्या सपोर्टकडे नेता येते. रोजच्या वापराची झीज त्यात बसत नाही. म्हणजे विरलेली चादर, सपाट झालेली उशी, उशीवरचा घामाचा पिवळेपणा, हे आपल्याच खर्चात.

पुरावा चार फोटोंचा: पूर्ण पलंग जसा सापडला तसा, डाग जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून, चादरीचा कोपरा, शाईची खूण दिसेल असा, आणि धुतल्यानंतर डाग राहिला त्याचा. सोबत खरेदीचे बिल. पण या सगळ्याला अर्थ येतो तो पाचव्या फोटोने, चेकइनच्या आधी अंथरलेल्या पलंगाच्या. तो नसेल तर "आम्ही आलो तेव्हाच होता" याला उत्तर नाही. मावशींनी रोज पाठवायचा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून. फोटो म्हणून पाठवला की त्यातली तारीख-वेळेची मूळ माहिती निघून जाते आणि स्पष्टताही घटते.

रक्कम: नव्या चादरीची पूर्ण किंमत मागू नका. समजा चादर 1,800 रुपयांची, दोन वर्षे चालावी असा हिशेब, दहा महिने वापरली. उरले चौदा महिने. 1,800 चे चोवीस भाग, त्यातले चौदा, म्हणजे 1,050. असा हिशेब मांडला की पाहुणाही वाद कमी घालतो आणि निर्णय देणाऱ्यालाही पटतो. संच फुटतो म्हणून धड असलेल्या अभ्र्यांचे पैसे लावणे मला पटत नाही. पांढरेच असेल तर जोडी लागतेच कुठे?

मजकूर साधा ठेवा, अ‍ॅपच्याच चॅटवर:

"नमस्कार. चेकआउटनंतर मोठ्या बेडरूममधल्या चादरीवर मेंदीचा डाग दिसला, फोटो सोबत आहेत. दोनदा धुऊनही तो गेला नाही. चादर 10 महिन्यांपूर्वी 1,800 रुपयांना घेतली होती, बिल जोडले आहे. वापर वजा जाता 1,050 रुपयांची विनंती पाठवत आहे. तुमचे म्हणणे वेगळे असेल तर इथेच कळवा."

रिव्ह्यूचा उल्लेख नाही. "पैसे द्या, नाहीतर रिव्ह्यू बघा" हा सूरसुद्धा नाही. तो नियमभंग ठरतो आणि दावा खरा असला तरी तुम्हीच अडकता.

धुलाईने निघणाऱ्या डागाला मागणी करूच नये या मताचा मी आहे. तो खर्च क्लीनिंग फीमध्ये धरलेला असावा. मागणी दोनच गोष्टींसाठी: दोन धुण्यांनंतरही राहिलेला डाग, आणि भाजलेले-फाटलेले कापड किंवा भिजलेली गादी.

सातारारोडवाला

अ‍ॅपशिवाय आलेल्या थेट बुकिंगला काय? तिथे कुठले रिझोल्यूशन सेंटर? आम्ही सरळ लिहितो, "चादर खराब झाल्यास 5,000 रुपये".

कलम_आणि_कागद

लिहिता येते, पण घेता येतेच असे नाही. भारतीय करार कायदा 1872, कलम 74: आधी ठरवलेली रक्कम ही कमाल मर्यादा आहे, तिच्या आत जेवढी वाजवी असेल तेवढीच भरपाई. 1,800 च्या चादरीला 5,000 लिहून धाक बसेल, वाद झाला तर टिकणार नाही.

त्यापेक्षा परत मिळणारी अनामत घ्या. बुकिंगच्या मेसेजमध्येच तीन ओळी: अनामत किती, कशासाठी कापली जाईल, किती तासांत परत. सोबत चादर, अभ्रा, दुलई, प्रोटेक्टर यांचे दर. पाहुण्याकडून "मान्य" असे लेखी उत्तर आल्यावरच पत्ता पाठवा. कापली तर फोटो आणि हिशेब, उरलेली यूपीआयने त्याच दिवशी.

अ‍ॅपवरून आलेल्या पाहुण्याकडून मात्र दारात वेगळी अनामत मागू नका, अ‍ॅपबाहेर पैसे घेणे त्यांच्या नियमांत बसत नाही.

किल्लीवाली_कोथरूड

गादी राहिली. लहान मुलाने रात्री ओली केली आणि प्रोटेक्टर नव्हता किंवा गळला, तर?

धोबीघाट

आधी टिपणे. जाड टॉवेल ठेवून वर उभे राहायचे, टॉवेल बदलत राहायचे, ओल येईनाशी होईपर्यंत. घासायचे नाही. वरून पाणी ओतणे तर अजिबात नाही, फोममध्ये गेलेले पाणी बाहेर येत नाही, आत कुजते आणि आठवड्याने वास येतो.

मग 240 मिली 3 टक्के पेरॉक्साइड, तीन मोठे चमचे खाण्याचा सोडा, भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. स्प्रेच्या बाटलीत, लगेच वापरायचे, उरलेले फेकायचे; बंद ठेवले तर बाटली फुटू शकते. हलकेच फवारा, भिजवू नका. वाळल्यावर पांढरी पूड राहील, ती व्हॅक्युमने काढा. वास राहिलाच तर एन्झाइमवाला क्लीनर, आणि त्यावर लिहिलेला वेळ पाळा, पाच मिनिटांत पुसून टाकलेले एन्झाइम काही करत नाही.

वाळवणे हेच खरे काम. गादी भिंतीला उभी टेकवून दोन्ही बाजूंनी टेबलफॅन. फोमची गादी उघडी करून दिवसभर उन्हात ठेवली तर पिवळी पडते, म्हणून वर पातळ चादर टाका. मेमध्ये एका दिवसात वाळते. जुलैमध्ये नाही, कितीही पंखे लावा, त्यामुळे 2 वाजताचा पाहुणा त्या पलंगावर झोपवू नका. दुसऱ्या खोलीतली गादी तिथे आणा किंवा पाहुण्याला आधीच कळवा.

कापसाची गादी असेल तर डाग कापसात गेलेला असतो. खोळ उसवून तेवढा कापूस काढून पिंजून पुन्हा भरून घेता येते. फोमला ती सोय नाही.

विमाननगर_304

ढेकूण निघाले तर पाहुण्याकडून पेस्ट कंट्रोलचे पैसे घेता येतात का?

बाणेर_बिछाना

कुणी आणले ते सिद्ध करता येत नाही, त्या नादी लागू नका. खोली बंद करा, चादरी-अभ्रे जागेवरच पिशवीत बांधून 60 अंशांवर धुवा, पलंगाच्या सांध्यांत आणि गादीच्या शिवणीत काळे ठिपके बघा. अंडी फुटायला साधारण सहा ते दहा दिवस लागतात, म्हणून एका फवारणीने भागत नाही, दोन आठवड्यांनी दुसरी लागतेच. चेनची खोळ इथेही उपयोगी पडते.

किल्लीवाली_कोथरूड

शेवटचे एक. सिगारेटने पडलेले भोक. चादर आणि दुलई दोन्हींवर.

सूत_आणि_वीण

दुलई पॉलिएस्टरची असेल तर कडा वितळून टणक वळे होते, ते टोचते. दुरुस्ती नाही, दुलईचे पैसे वय वजा करून मागा. म्हणून दुलई कधीही उघडी देऊ नये, सुती खोळ हवीच. बहुतेक वेळा भोक खोळीवरच थांबते.

पांढऱ्या चादरीवरचे रफू दिसते, पाहुण्याला ते चालत नाही. मागणी करा, पण चादर फेकू नका. 90 x 108 ची असेल तर 108 च्या लांबीत 19 इंचांच्या पाच पट्ट्या बसतात, प्रत्येकी 62 इंच लांब. भोक पडलेली पट्टी वगळली की 17 x 27 च्या उशीचे चार अभ्रे होतात, आतल्या दुमडीसकट. मात्र अशी चादर वापरणार असाल तर भरपाईच्या रकमेतून चार अभ्र्यांची किंमत, शिलाईचा खर्च वगळून, वजा करा.